बँडमधले गाणे नक्की कोणाचे? चाल, संयोजन आणि शेवटचा शब्द

मंद्रसप्तक

नमस्कार. आमचा पाच जणांचा बँड आहे. गेली सहा वर्षे आम्ही पुण्यात स्वतःची मराठी गाणी वाजवतो. मी गातो, आणि बहुतेक गाण्यांचे शब्द व चाल माझी असते. बाकीचे चौघे गिटार, बेस, ड्रम्स आणि व्हायोलिन वाजवतात. आजवर ही गाणी फक्त कार्यक्रमांत वाजत होती, त्यामुळे कोणाचे काय हा प्रश्न कधी निघाला नाही. आता पहिली सहा गाणी ध्वनिमुद्रित करून प्रकाशित करायला घेतली आहेत. गेले तीन आठवडे आम्ही एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकत नाही, म्हणून जाणकारांकडे आलो आहे.

यातले एक गाणे जात्यावरच्या ओवीच्या वळणाचे आहे. आजी पहाटे दळताना जी लय धरायची ती मनात ठेवून मी ते सहा मात्रांत बांधले. सा पेटीच्या पांढरी दोनचा, लय संथ. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत आवाज पंचमावर, म्हणजे 'प' वर, येतो आणि जवळजवळ दोन आवर्तने तिथेच थांबतो. सरावाच्या खोलीत हे गाणे पहिल्यांदा वाजवले तेव्हा गिटारवर षड्जाची, म्हणजे 'सा' वरची, मायनर कॉर्ड (तीन सुरांचा मेळ) होती आणि बेसही षड्जच धरून होता. तिसऱ्या की चौथ्या वेळी बेस वाजवणाऱ्या मित्राने, कोणाला काही न सांगता, त्या थांबलेल्या पंचमाखाली षड्जाऐवजी कोमल धैवत, म्हणजे उतरलेला 'ध', वाजवला. गिटारचे तिन्ही सूर तेच राहिले, माझा पंचम तोच राहिला, खालचा एक सूर तेवढा बदलला. तोवर घरी येऊन टेकल्यासारखा वाटणारा तो पंचम एकदम उंबऱ्यावर अडकल्यासारखा वाटू लागला. मी गाता गाता डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले. त्या दिवसापासून गाणे तसेच वाजते, आणि कार्यक्रमानंतर लोक येऊन ज्या जागेबद्दल बोलतात ती हीच जागा असते.

आता दुसरी बाजू. ध्वनिमुद्रण गिटारवादकाच्या घरी, त्याच्या लॅपटॉपवर झाले. त्याने या सहा गाण्यांसाठी किती रात्री जागवल्या हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे पुढचे लिहिताना मला त्याच्यावर अन्याय करायचा नाही. एका रात्री त्याने याच गाण्याची लय मिनिटाला ७२ ठोक्यांवरून ८४ वर नेली, दोन अंतऱ्यांमधला व्हायोलिनचा पूर्ण तुकडा काढून टाकला आणि ती फाइल मास्टरिंगसाठी, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारासाठी, पाठवून दिली. फोनवर ऐकणारा माणूस इतका वेळ थांबत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला हे दोन दिवसांनी कळले. व्हायोलिन वाजवणाऱ्या मैत्रिणीला तर ग्रुपवर आलेली फाइल ऐकतानाच कळले. ती काही बोलली नाही, पण पुढच्या दोन सरावांना आलीही नाही.

मी चिडलो आणि म्हणालो की गाणे माझे आहे, मला विचारल्याशिवाय लय बदलायची नाही. त्यावर बेसवाल्याने अगदी शांतपणे विचारले, "मग तो धैवत कोणाचा?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

योगायोगाने त्याच आठवड्यात वितरकाचा फॉर्म भरायचा होता. त्यात गीतकार, संगीतकार आणि संयोजक, म्हणजे चालीभोवती कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते बसवणारा, असे वेगवेगळे रकाने आहेत. पहिल्या दोन ठिकाणी मी सवयीने माझे नाव घातले आणि तिसऱ्या रकान्यापाशी थांबलो, आणि मग दुसऱ्या रकान्याबद्दलही शंका आली. चाल कुठे संपते आणि संयोजन कुठे सुरू होते? ज्याने गाणे आणले त्याचा शेवटचा शब्द कशाकशावर असावा? ज्यांनी प्रत्यक्ष बँड चालवला आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

ठेका

मंद्रसप्तक, तुमच्या लिखाणात ड्रम्स वाजवणाऱ्याचे मत कुठेच नाही. लय ७२ वरून ८४ वर गेली, म्हणजे सर्वांत आधी त्याचे वाजवणे बदलले. त्याला कोणी विचारले होते का?

मी मूळचा सिंधुदुर्गातला. ड्रम्सकडे येण्याआधी बारा वर्षे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. तिथे अभंग कोणता घ्यायचा आणि चाल कोणती लावायची हे बुवा ठरवत, त्यात दुसरा कोणी तोंड घालत नसे. पण गजर केव्हा उचलायचा आणि लय कितपत चढवायची हे पखवाजाच्या हातावर असे, बुवा फार तर नजरेने खूण करीत. त्या बारा वर्षांत बुवांनी मला अमुक बोल वाजव असे कधी सांगितले नाही, आणि मीही त्यांना अमुक अभंग घ्या असे कधी सुचवले नाही. हे कोणी कागदावर लिहिले नव्हते, पण प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक होती आणि त्या हद्दीत तो पूर्ण मोकळा होता.

बँडमध्ये आल्यावर मला याच्या अगदी उलट अनुभव आला. गाणे तयार होते, सगळ्यांची चर्चा होते, आणि शेवटी मला सांगितले जाते की इथे जरा भरून वाजव, तिथे जरा कमी कर. ज्याचे वाद्य, त्याचा त्या वाद्यापुरता पहिला अधिकार, एवढे एक जरी तुम्ही मान्य केले तरी तुमच्या व्हायोलिनवाल्या मैत्रिणीचा प्रश्न निम्मा सुटेल.

काळी_पाच

वीसएक वर्षे वेगवेगळ्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो आहे. त्यातले दोन बँड याच प्रश्नावर फुटले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

श्रेय, पैसा आणि निर्णयाचा अधिकार यांची आपण नेहमी गल्लत करतो. ही तीन वेगळी खाती आहेत आणि ती वेगवेगळ्या प्रकारे वाटता येतात. क्वीन या इंग्लिश बँडचे उदाहरण घ्या. त्यातले चौघेही गाणी लिहीत. १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बहुतेक गाण्यांवर ते आणणाऱ्याचे एकट्याचे नाव असे. १९७५ मध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे प्रसिद्ध झाले, तेव्हा तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ड्रमर रॉजर टेलर यांचे गाणे होते. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच पैसे मिळत, मग लोकांनी ती कोणत्याही बाजूसाठी घेतलेली असो. त्यामुळे कोणाचे गाणे अल्बममध्ये घ्यायचे आणि कोणाचे दुसऱ्या बाजूला टाकायचे यावर भांडणे होत, आणि ती भांडणे वरवर संगीताची असली तरी आतून पैशाची असत. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर फक्त बँडचे नाव घालायला सुरुवात केली. त्यानंतर आपण गाणी त्यांच्या गुणावर निवडू लागलो, असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे सांगितले आहे.

अमेरिकेतल्या आर. ई. एम. ने हे आरंभापासूनच केले. १९८० साली जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात सुरू झालेल्या या बँडच्या गाण्यांवर चौघांची नावे असत, तीही आडनावांच्या वर्णानुक्रमे. शब्द गायकाचे आणि एखादी चाल एकट्या बेसवाल्याची असली तरी यात बदल होत नसे. त्यांचे ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये आजारपणानंतर बाहेर पडले, पण बँड २०११ पर्यंत टिकला आणि मोडला तोही भांडण न करता.

मात्र यावरून सगळे सारखे वाटले की सगळे छान होते, असे समजू नका. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा अमेरिकी बँड जवळजवळ पूर्णपणे जॉन फोगर्टी यांच्या हुकमावर चाले. गाणी त्यांची, गळा त्यांचा, आणि कोणी काय वाजवायचे हेही तेच सांगत. त्यांचे थोरले भाऊ टॉम १९७१ मध्ये याच घुसमटीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी उरलेल्या तिघांनी गाणी आणि गायन वाटून घेऊन एक अल्बम केला. तो कोणाच्या आग्रहाने तसा झाला याबद्दल त्यांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नाहीत, पण समीक्षकांनी तो झोडपला आणि १९७२ संपण्याआधी बँड मोडला. ज्या माणसांना चार वर्षे एकही निर्णय घेऊ दिला नव्हता त्यांच्या हाती एका दिवसात सगळे सोपवले, तर दुसरे काय होणार? अधिकार वापरायलाही सरावाची खोली लागते.

तुम्हाला सांगणे एवढेच की पैशाचे खाते शक्य तितके सारखे वाटून मोकळे व्हा. मग धैवत कोणाचा हा प्रश्न संगीताचा उरेल आणि त्याचे उत्तर वाजवून काढता येईल.

मांडवीकाठ

तिसऱ्या रकान्यापाशी तुमचा हात थांबला हे वाचून बरे वाटले, कारण आमच्या गोव्याच्या अनेक माणसांसाठी तो रकाना कधी नव्हताच.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्यातून तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत गेले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे. ती स्वरलिपीत उतरवून घेणे, पन्नास पन्नास वादकांचे भाग लिहिणे, व्हायोलिनच्या ताफ्याने गायकाच्या ओळीला कोणते उत्तर द्यायचे आणि कॉर्ड कुठे बदलायची हे ठरवणे, ही सगळी कामे संयोजकाची असत. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा यांनी हे काम कित्येक वर्षे केले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो वाझ होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर संयोजन केलेच, शिवाय प्यारेलाल यांच्यासारख्यांना व्हायोलिन शिकवले.

या मंडळींचे नाव पडद्यावर आलेच, तर सहाय्यक म्हणून येई. कामाचे पैसे एकदा मिळत आणि विषय संपे. चाल संगीतकाराचीच होती, याबद्दल त्यांच्यापैकी कोणी वाद घातल्याचे मी ऐकलेले नाही, आणि तो घालावा असे मलाही वाटत नाही. पण शंकर-जयकिशन यांच्या एखाद्या गाण्याची सुरुवात आठवून पाहा. शब्द सुरू होण्याआधीच व्हायोलिनच्या ज्या ओळीवरून तुम्ही गाणे ओळखता, ती ओळ गाण्याच्या बाहेरची आहे असे म्हणता येईल का?

माझे काका अशाच एका ताफ्यात वाजवत. त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या हाताने लिहिलेले व्हायोलिनचे सुटे भाग अजून आहेत, पिवळ्या पडलेल्या कागदावर, कडेला पेन्सिलीने गायिकेच्या श्वासाच्या जागा खुणावलेल्या. एकाही कागदावर ते कोणी रचले याचे नाव नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, पैशाचे काय करायचे ते करा, पण त्या रकान्यात पाचही नावे घाला आणि शक्य असेल तर कोणता तुकडा कोणी बांधला हेही कुठेतरी लिहून ठेवा.

कायदेकलम

मी वकील आहे आणि हौशी गायकही, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. हा सल्ला सर्वसाधारण स्वरूपाचा समजावा.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. या कायद्यात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, असे दोन स्वतंत्र हक्क आहेत. चाल स्वरलिपीत लिहिलेली असो वा नसो, ती रचणारा तिचा रचनाकार ठरतो, त्यामुळे गुणगुणून बसवलेल्या चालीलाही संरक्षण आहे. संयोजनाला कायदा मूळ संगीतकृतीचे रूपांतर मानतो, आणि रूपांतर करण्याचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे असतो. म्हणजे केवळ कायद्याने पाहिले तर तुमच्या चालीची मोडतोड करताना गिटारवादकाने तुमची परवानगी घ्यायला हवी होती.

पण दोघांचे काम एकमेकांत असे मिसळले असेल की ते वेगळे काढता येत नाही, तर ती संयुक्त कृती ठरते, आणि मग एकट्याने परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्न अवघड होतो. भारतात बँडमधल्या अशा वादावरचा गाजलेला निकाल माझ्यासमोर नाही. इंग्लंडमधले दोन मात्र प्रसिद्ध आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. प्रोकोल हारम या बँडचे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणे १९६७ चे. त्यावर गायक आणि गीतकार अशा दोघांचीच नावे होती. सुरुवातीचा ऑर्गनचा प्रसिद्ध तुकडा बांधणारे मॅथ्यू फिशर यांनी जवळजवळ चार दशकांनी दावा लावला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. अपिलात उशिराच्या मुद्द्यावर पैसे नाकारले गेले आणि शेवटी २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो वाटा पुन्हा मान्य केला, पण दावा लावण्यापूर्वीच्या वर्षांचे पैसे त्यांना मिळाले नाहीत. याउलट १९९९ मध्ये स्पँडाउ बॅले या इंग्लिश बँडच्या तिघा सदस्यांनी त्याच बँडचे गीतकार-संगीतकार गॅरी केम्प यांच्याविरुद्ध लावलेला दावा फेटाळला गेला. गाणी तालमीला येण्यापूर्वीच पूर्ण झालेली होती आणि इतरांनी आपापल्या वाद्यावर जे केले, त्यात सॅक्सोफोनचा सोलोही आला, ते चांगल्या वादकाचे काम होते पण रचना नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

तुमच्या धैवताबद्दल माझे प्रामाणिक मत असे की एका सुरावर न्यायालय त्या मित्राला संयुक्त रचनाकार मानण्याची शक्यता कमी आहे. पण या उत्तराने तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण तुम्हाला खटला जिंकायचा नसून बँड चालवायचा आहे. आपसात वाटा ठरवायला कायदा आडवा येत नाही. फक्त हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो, हे विसरू नका. आणखी एक गोष्ट बँडवाले हमखास विसरतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क चालीच्या हक्काहून वेगळा असतो आणि तो निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन मुद्रण केले त्याचा असतो. तुमच्या बाबतीत तो कोण, हे आजच लिहून ठेवा. वादकांचे कलावंत म्हणून असलेले हक्कही स्वतंत्र आहेत, त्यामुळे ज्या मैत्रिणीचे वादन तुम्ही वापरणार आहात तिचीही सही हवी.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. ठेका, तुम्ही म्हणता ते खरे आहे. ड्रम्सवाल्याला मीही विचारले नव्हते, आणि हे तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते.

कायदेकलम, मुद्रणाचा खर्च आम्ही पाच जणांनी सारखा केला, पण मेहनत गिटारवादकाची सर्वांत जास्त आहे. सगळ्या मूळ फाइली त्याच्याकडेच आहेत. त्याचा हेतू वाईट नव्हता. प्रकाशनाची तारीख जवळ आली होती, आम्ही चौघे नोकरीच्या गडबडीत होतो आणि कोणीतरी निर्णय घ्यायला हवा होता. मग अशा वेळी निर्णय कोणी घ्यावा? प्रत्येक गोष्टीवर पाच जणांचे मत घेत बसलो तर सहा गाण्यांना सहा वर्षे लागतील.

भैरवी

मतदान करूच नका. मी सात जणांच्या समूहात गाते आणि आम्ही दोन वर्षे प्रत्येक गोष्टीवर हात वर करून पाहिले. मताला टाकले की ज्या जागेत धार आहे तीच जागा आधी जाते, कारण सात जणांपैकी चौघांना ती पहिल्यांदा ऐकताना खटकतेच. तुमचा तो कोमल धैवत पहिल्याच दिवशी मताला टाकला असता तर वाचला असता का, याचा विचार करा. शेवटी आमची सगळी गाणी एकसारखी गुळगुळीत झाली आणि त्यातले एकही कोणाचे उरले नाही.

आता आम्ही प्रत्येक गाण्याला एक राखणदार नेमतो. तो बहुतेक वेळा गाणे आणणारा असतो, पण असलाच पाहिजे असे नाही. बाकीच्यांनी सुचवलेली प्रत्येक गोष्ट एकदा तरी पूर्ण वाजवून पाहायची हे त्याच्यावर बंधन आहे. ऐकल्याशिवाय नाही म्हणायचे नाही. वाजवून झाल्यावर मात्र त्याने नाही म्हटले की विषय तिथे संपतो, आणि त्याबद्दल नंतर कुरकुर करायची नाही. पुढच्या गाण्याला दुसरा राखणदार. आपली पाळी येणार हे माहीत असले की दुसऱ्याचा नकार पचवणे सोपे जाते.

काळी_पाच

भैरवी यांच्याशी सहमत आहे, मात्र फाइलींचे केल्याशिवाय तेही चालणार नाही. आपल्याकडे म्हणतातच, ज्याच्या हाती ससा तो पारधी. आजच्या बँडमध्ये ज्याच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट, म्हणजे मुद्रणाच्या मूळ फाइली, असतो तोच रात्री दोन वाजता शेवटचा शब्द बोलतो, मग दिवसा तुम्ही काहीही ठरवलेले असो. प्रोजेक्टची पूर्ण प्रत, प्रत्येक वाद्याच्या सुट्या ट्रॅकसकट, पाचही जणांकडे पाहिजे, आणि कोणतीही फाइल बाहेर पाठवण्याआधी ठरावीक वेळ सगळ्यांना ऐकायला मिळाला पाहिजे.

न विचारता केलेला बदल किती खोल जातो, याचे बीटल्सइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. पॉल मॅकार्टनी यांनी पियानोवर बसवलेल्या एका साध्या गाण्यावर निर्माते फिल स्पेक्टर यांनी १ एप्रिल १९७० रोजी तारवाद्यांचा ताफा, हार्प आणि स्त्रियांचा कोरस चढवला. बँडमधल्या इतरांना ते चालणार होते, पण मॅकार्टनी यांना विचारले गेले नव्हते. त्यांनी १४ एप्रिलला पत्र पाठवून तारवाद्ये कमी करा, हार्प काढा असे नेमके बदल कळवले आणि पुन्हा असे कधीही करू नका असे बजावले. गाणे होते तसेच प्रसिद्ध झाले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी भागीदारी मोडण्यासाठी जो दावा लावला, त्यात या प्रकाराचाही उल्लेख होता. तेहतीस वर्षांनी, २००३ मध्ये, ते गाणे असलेला अल्बम या भराविना पुन्हा काढला गेला. लाखो लोकांना तो तारवाद्यांचा भर आवडतो, आजही आवडतो. मॅकार्टनी यांची तक्रार त्याने कमी होत नाही. तुमच्या गिटारवादकाची ८४ ची लय लोकांना आवडेलही कदाचित, पण व्हायोलिनवाल्या मैत्रिणीला काय लागले असेल ते यावरून समजून घ्या.

ठेका

लय कोणती योग्य हे फाइल ऐकून ठरवू नका. सगळे खोलीत बसा आणि दोन्ही लयींत गाऊन पाहा. संगणकावर लय वाढवली की शब्दांचे वजन हलते, आणि ते गाणाऱ्याच्या श्वासालाच कळते.

मंद्रसप्तक

काल, रविवारी, आम्ही पाचही जण सरावाच्या खोलीत बसलो. व्हायोलिन वाजवणारी मैत्रीणही आली. काय झाले ते लिहितो, कारण इथल्या जवळजवळ प्रत्येक प्रतिसादाचा त्यात वाटा आहे.

सुरुवात ड्रम्सवाल्याने केली. त्याने आम्हाला सगळ्यांना जमिनीवर बसवले आणि क्लिक (लयीचा यांत्रिक ठोका) लावून, जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवत गायला सांगितले. ८४ ला हात अलीकडच्या वळणावर अडखळत होता आणि ओळीचा शेवट तुटत होता. ७२ ला हात नीट फिरत होता, पण दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गाणे जड होत जात होते, हे मलाही जाणवले. शेवटी तो ७६ वर थांबला आणि कोणीच काही बोलले नाही. गिटारवादकाने स्वतःहून लॅपटॉप उघडून आकडा बदलला.

मग व्हायोलिनचा तुकडा. मैत्रीण म्हणाली की तो लांब आहे हे तिलाही आधीपासून वाटत होते आणि आठ आवर्तनांचा चार करायला तिची हरकत नाही. "कापल्याचे वाईट वाटले नाही, मी खोलीत नसताना कापले त्याचे वाटले." गिटारवादकाने तिची तिथेच माफी मागितली. चार आवर्तने कोणती ठेवायची हे तिने एकटीने ठरवले आणि आम्ही ती तशीच मुद्रित केली.

फॉर्मबद्दल बराच वेळ बोलणे झाले. सहाही गाण्यांच्या संयोजनाच्या रकान्यात पाचही नावे वर्णानुक्रमे जातील. ध्वनिमुद्रणाचे निर्माते म्हणून आम्ही पाच जण समान मालक आहोत, असा कागद करायला घेतला आहे आणि त्यात मुदत व प्रदेश लिहायचे आहेत. ओवीच्या गाण्यात संगीतकार म्हणून माझ्याबरोबर बेसवाल्याचे नाव असावे आणि त्याचा वाटा १५ टक्के असावा, हे मीच सुचवले. तो आधी नको म्हणाला, पण मी ऐकले नाही, कारण तो धैवत काढून मी ते गाणे आता गाऊ शकत नाही. सगळ्या फाइलींची प्रत प्रत्येकाकडे गेली आहे, आणि दोन दिवस सगळ्यांनी ऐकल्याशिवाय काहीही बाहेर पाठवायचे नाही असे ठरले आहे.

एका गाण्याचे मात्र अजून ठरलेले नाही. ते गाणे गिटारवर त्याने वाजवलेल्या एका तुकड्यावरून सुरू झाले. माझी चाल त्या तुकड्यावरच बेतलेली आहे आणि त्याला त्यात अर्धा वाटा हवा आहे. मी आजवर ते गाणे माझे मानत आलो आहे, पण काल रात्री घरी तो तुकडा न वाजवता नुसती चाल गाऊन पाहिली आणि दोनदा अडलो. पुढच्या रविवारी आम्ही तेच गाणे घेणार आहोत आणि त्याचा राखणदार तो असेल. माझ्या दोन सूचना आहेत, त्या त्याने वाजवून पाहाव्यात एवढेच मी सांगणार आहे.